दारामागचं नाणं

१

"विमल, तू आत्ताच्या आत्ता ये. माज्या घरात चोरी झालीय, आणि चोर बाबल्या हाय असं सगळा गाव म्हंतोय."

गोदूबाईचा फोन आला तेव्हा विमला साळवी रत्नागिरीतल्या आपल्या गॅलरीत बसून कुळीथ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं, पिशवीत चष्मा आणि पाण्याची बाटली टाकली आणि दहाची पूर्णगड एसटी पकडली.

विमलाने चौतीस वर्षं पोस्टात काढली होती. त्यातली शेवटची बारा वर्षं तिच्याकडे एकच काम होतं. कुणालाच पत्ता न लागणारी पत्रं तिच्या टेबलावर यायची. अर्धवट पुसलेली अक्षरं, चुकलेली गावं, नुसतं 'देवळामागच्या संदेशला' एवढंच लिहिलेली पाकिटं. बहुतेक पत्रं ती बरोबर घरी पोचवायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कुठे काही अडलं की लोक तिलाच बोलवायचे. तिची पहिली नेमणूक पूर्णगडच्या पोस्टात झाली होती आणि तेव्हा ती गोदूबाईकडेच भाड्याने राहिली होती. त्या मैत्रीला आता चाळीस वर्षं होत आली होती.

भाट्याचा पूल, पावस, मग मोहोराच्या वासाने भरलेल्या आंब्याच्या बागा. विमला उतरली तेव्हा गोदूबाई रस्त्यावरच उभी होती. सत्तरीची, काटक, मच्छीमार खारवी समाजातली बाई. घर खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या पायथ्याला. मागच्या अंगाच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची.

"आधी चहा, मग चोरी," विमला म्हणाली.

चहा पितापिता सगळं कळलं. ओदील नावाची एक फ्रेंच चित्रकार बाई महिनाभर गोदूबाईकडे राहिली होती. साठीची, हसरी. इंग्रजीचे तिला चारच शब्द यायचे, बाकी सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. मंगळवारी सकाळी ती गेली. तिच्या बॅगा खोलीतून उचलून गाडीत ठेवल्या त्या बाबल्याने. बाबल्या होडेकर, पाहुण्यांना खाडीत फिरवणारा होडीवाला. जाताना तिने गोदूबाईच्या हातात रंगांची एक निळी पेटी आणि फ्रेंचमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी दिली, तिला मिठी मारली आणि गेली. आता ती कुठल्याशा मौनशिबिरात होती. तीन आठवडे फोन बंद.

"चिठ्ठी वाचली कुणी?"

"कोण वाचणार? गुरव सर. त्यांच्याकडं फ्रेंचची डिक्शनरी हाय ना."

अनिल गुरव सरांनी तीस वर्षं पूर्णगडच्या मुलांना इंग्रजी शिकवलं होतं. सरांनी एक दिवस बसून फ्रेंच चिठ्ठीचं इंग्रजी केलं आणि स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून दिलं. मूळ चिठ्ठी त्यांनी अभ्यासाला ठेवून घेतली होती.

विमलाने चष्मा लावला. इंग्रजीत चार वाक्यं होती. निळी पेटी गोदूबाईच्या नातीसाठी, ऋतिकासाठी आहे. दारामागचं कॉइन, म्हणजे नाणं, तुमच्यासाठी आहे. बाबल्याने रोज सकाळी मला पेन दिलं, म्हणजे दुःख दिलं. मी विसरत नाही.

"आणि नाणं?"

"नाय ना! दारामागं झाडून बघितला. सर म्हणाले, फ्रान्सचं जुनं नाणं असणार, सोन्याचं. आता वाडीत तर कुणी म्हंतं राजाच्या छापाचं, कुणी म्हंतं तळहाताएवढं." गोदूबाईचा आवाज उतरला. "खोलीत शेवटचा गेला बाबल्या. आणि तिनं लिवलंय की त्यानं तिला तरास दिला. मीच त्याला म्हटलं, चार दिवस येऊ नको. रविवारी गावाची बैठक हाय, विमल. खाडीतल्या फेरीच्या होडीसाठी त्याचं नाव पक्कं झालेलं. आता म्हंतायत, चोराच्या होडीत पाहुणे कसे बसवायचे."

रविवार परवावर आला होता.

"बाबल्या काय म्हणतो?"

"कायच नाय. बुधवारपासून होडी किनाऱ्याला बांधलेली हाय, आणि माणूस कुणाला दिसला नाय."

२

ओदीलची खोली लहान आणि उजेडाची होती. दार आत उघडायचं. दारामागच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना धरून एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर गोदूबाईचं जुनं हिरवं लुगडं पडद्यासारखं सोडलं होतं. मागे कपडे टांगले तर धूळ बसू नये म्हणून ओदीलनेच ते मागून घेतलं होतं, असं गोदूबाई म्हणाली.

विमलाने लुगड्याची कड वीतभर उचलली आणि खाली वाकून जमीन पाहिली. लादीच्या सांध्यात काही बारीक पापुद्रे अडकले होते. तिने नखाने एक काढला. निळा होता. दुसरा भगवा.

गोदूबाईची नात ऋतिका दारात उभी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि खोल्यांची झाडलोट तीच करायची.

"हा रंग कसला गो?" विमलाने विचारलं.

"ती बाई चित्रकार होती ना. सगळीकडे रंगच असायचा."

"पण खोलीत दुसरीकडे कुठे नाहीये. इथेच आहे."

ऋतिकाने खांदे उडवले आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. विमलाने पोस्टात अशी बोटं पुष्कळ पाहिली होती. पाकीट आधीच फोडलेलं असलं की शिपायाची बोटं अशीच चालायची.

"गोदू, अजून अर्धा कप चहा मिळेल?" ती म्हणाली. गोदूबाई गेली. "आता सांग."

मुलीचे डोळे भरले. "मंगळवारी ती गेल्या गेल्या मी खोली झाडली. चिठ्ठीत काय आहे ते कुणाला माहीतच नव्हतं तेव्हा. दारामागचा कचरा मी लुगड्याखालून झाडू घालून न बघता सुपलीत भरला आणि खाडीत टाकला. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, दारामागे नाणं आहे." तिने ओढणीने डोळे पुसले. "मीच टाकलं असणार ते. आणि सगळे बाबल्याकाकाला बोलत होते तेव्हा मी गप्प बसले."

"कचऱ्यात जड काही वाजलं?"

"नाही. असेच पापुद्रे होते. मूठभर."

"तू रोज झाडायचीस ना? मग एवढे कसे साठले?"

"शेवटचे दहा दिवस तिने मला दारामागे झाडू मारूच दिला नाही. तिथे उभी राहून 'नो, नो' म्हणायची आणि हसायची. मला वाटलं, तिचे आतले कपडे असतील तिथे."

 विमलाने सरांचा कागद पुन्हा उघडला आणि तिसरं वाक्य जसंच्या तसं वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्याचं शेपूट तिने सोडून दिलं होतं. बाबल्याने रोज सकाळी मला दिलं, 'पेन ऑफ हिज मेन'.

"त्याच्या मेनचं दुःख? हे काय आहे?"

"सर म्हणाले, मेन म्हणजे मुख्य. मुख्य दुःख त्यानेच दिलं, असा अर्थ घ्यायचा."

विमलाने कागदाची घडी घातली. चष्म्यामागे तिचे डोळे बारीक झाले होते. वाक्यातला एक शब्द बसत नाही म्हणून त्याला रेटून बसवायचा, हे तिला कधीच पटलं नव्हतं. पत्त्यातला एक शब्द खोटा निघाला की ती आधी उरलेल्या शब्दांकडे संशयाने पाहायची.

"बाबल्याचं घर दाखव मला," ती म्हणाली.

३

बाबल्या घरामागे जाळं घेऊन बसला होता. पन्नाशीचा, रापलेला, कमी बोलणारा माणूस. ऋतिकाला बघून त्याने मान वळवली.

"बाबल्या, मी विमला. पोस्टातली."

"वळखलं, ताई. माज्या बापाची मनिऑर्डर तुमीच आणून द्यायचा." त्याने जाळं खाली ठेवलं नाही. "मी नाणा घेतला नाय. आता इचारून झाला आसंल तर जावा."

"मी नाण्याचं विचारायला आले नाही. तू त्या बाईला रोज सकाळी काय द्यायचास, ते विचारायला आले."

बाबल्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "सर सांगतात, पेन दिला म्हणून. मी म्हटलं, सर, माज्याकडं पेन असता तर मी सोसायटीत दुसऱ्याचा मागून सही कशाला केली असती? तर ते हसले. म्हणाले, पेन म्हंजे दुःख." त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त दमणूक होती. "ताई, मी त्या बाईला काय दुःख देणार? तिची भाषा मला येत नाय, माजी तिला येत नाय."

"म्हणूनच विचारते. सकाळी काय व्हायचं, ते सगळं सांग."

"काय व्हायचाय? तिला आपली भाकरी चालायची दुपारी, पण सकाळी नाय. पहिल्या दिवशी खाणाखुणा करून दाखवलान तिनं. मी पहाटे मासळी घेऊन पावसच्या बाजारात जातो, तर येताना बेकरीतनं दोन गरम पाव आणायचो. पेपरात गुंडाळून तिच्या हातात द्यायचो. पायरीवर बसून नुसताच खायची, कोऱ्या चहाबरोबर. खाताना खुणेनं होड्यांचं इचारायची. मी वाळूत काटकीनं काढून दाखवायचो, शिड कसा, पुढची नाळ कशी. ती वहीत उतरवून घ्यायची."

"रोज?"

"एक दिवस चुकवला नाय. वादळी वारा सुटलेला तवा पण चालत गेलतो."

"आणि याशिवाय रोज सकाळी आणखी काही दिलंस?"

बाबल्याने विचार केला. "नाय. पावच."

विमला पायरीवर बसली. समोर खाडीला भरती लागत होती आणि बांधलेली होडी हळूहळू तरंगायला लागली होती. विमलाच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"ऋतिका, आपल्या जिल्ह्यात पाली कुठे आहे गो?"

"कोल्हापूरच्या रस्त्याला."

"आणि रायगडातली पाली? गणपतीची? माझ्याकडे वर्षाला शंभर पत्रं यायची, या पालीची त्या पालीला जाऊन आलेली. अक्षरं तीच, नाव तेच, गाव वेगळं. आणि चूक कोण करायचं माहितीये? नवीन पोरं नाही. ती बिचारी पिनकोड बघायची. चूक करायचे जुने लोक, ज्यांना पाली पाठ होती."

 ऋतिका एकदम म्हणाली, "म्हणजे चिठ्ठीतला शब्द... मी सरांकडून चिठ्ठी आणते आणि फोनवर एकेक अक्षर टाकते! फोटो काढून बघितला होता मी, पण तिचं अक्षर फोनला वाचताच आलं नाही."

"नको. फोनने सांगितलं तर सर म्हणतील, फोन चुकला. गाव सरांचं ऐकतं. त्यांना त्यांच्याच पुस्तकाने सांगायला हवं." विमला उठली. "बाबल्या, चोरी झालीच नाही. पण हे मी सांगून भागणार नाही. तू घरीच थांब. आज तुझ्याकडे पाहुणे येतील."

४

गुरव सरांनी विमलाचं आणि ऋतिकाचं मनापासून स्वागत केलं. टेबलावर डिक्शनरी उघडीच होती. जाडजूड, पाठीला चिकटपट्टी लावलेली. चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या फुटपाथवरून घेतलेली.

"लोक हसले होते मला," सर म्हणाले. "पूर्णगडात फ्रेंच कोण बोलणार? आणि बघा, बाई आली! चाळीस वर्षांनी या पुस्तकाला काम मिळालं." त्यांनी मायेने पानांवरून हात फिरवला. सरांचा आनंद इतका खरा होता की विमलाने आधी त्यांचं कौतुकच केलं.

"केवढी मेहनत घेतलीत, सर. एकेक शब्द शोधायचा म्हणजे."

"पद्धत आहे माझी. पाहिलेल्या शब्दाशेजारी लाल ठिपका. एकदा पाहिलेला पुन्हा पाहायला लागला तर आपण ढ."

त्यांनी दाखवलं. पेटीच्या शब्दाशेजारी ठिपका होता. 'मागे' या अर्थाच्या शब्दाशेजारी होता. 'दार', 'रोज', 'सकाळ', 'विसरणे', सगळ्यांशेजारी लाल, नेटके ठिपके. मूळ चिठ्ठी शेजारीच होती. विमलाने ती डोळ्यांजवळ धरली. फ्रेंचचा तिला गंध नव्हता, पण वेडीवाकडी अक्षरं वाचणं हे तर तिचं कामच होतं. तिसऱ्या ओळीत पी, ए, आय, एन. पुढे एम, ए, आय, एन. दुसऱ्या ओळीत सी, ओ, आय, एन.

"सर, एक शब्द मला बघून द्याल? पी-ए-आय-एन."

सर हसले. "विमलाताई, पेन! दुःख. पाचवीतलं पोर सांगेल."

"इंग्रजीत, हो. पण बाईने चिठ्ठी इंग्रजीत लिहिलेली नाही ना?"

सरांचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबला. मग त्यांनी पी उघडलं. बोट ओळींवरून खाली सरकलं. तिथे लाल ठिपका नव्हता. बोट थांबलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"ब्रेड," ते म्हणाले. "पाव."

ऋतिकाने तोंडावर हात ठेवला.  सरांनी न सांगता एम उघडलं. तिथेही ठिपका नव्हता.

"हात," ते पुटपुटले. "त्याच्या हाताचा पाव. बाबल्याने रोज सकाळी मला आपल्या हाताने पाव दिला. मी विसरत नाही." त्यांनी मान खाली घातली. "ती त्याचे उपकार मानत होती. आणि मी तिच्या शब्दांनी त्याला चोर ठरवला."

"तुम्ही चोर नाही म्हणालात, सर."

"मी नाणं सोन्याचं म्हणालो. ते पुरेसं झालं."  "जे येत नव्हतं ते सगळं नीट शोधलं. जे येतंय असं वाटलं, तिथेच..."

विमलाने तिसऱ्या शब्दाचं नाव काढलं नाही. सरांनी स्वतःच सी उघडलं.  मग त्यांनी डिक्शनरीच तिच्याकडे फिरवली आणि बिनठिपक्याच्या शब्दावर नख ठेवलं.

"कॉर्नर," विमलाने वाचलं. "कोपरा."

"दारामागचा कोपरा तुमच्यासाठी आहे," सर म्हणाले. "पण कोपरा कुणी कुणाला देतं का? त्यात काय असतं?"

विमला ताडकन उठली. "नाणं शोधणारा माणूस कुठे बघतो, सर?"

"जमिनीकडे."

"मीसुद्धा तिथेच बघून आले. चला. पण आधी बाबल्याकडे."

५

त्या संध्याकाळी वाडीने एक वेगळंच दृश्य पाहिलं. गुरव सर, ज्यांना सगळा गाव वाटेत थांबून नमस्कार करायचा, ते बाबल्याच्या अंगणात उभे राहून हात जोडत होते. "बाबल्या, चूक माझी झाली. पाव होता तो. मी दुःख वाचलं." बाबल्याला काय करावं ते कळेना. तो सरांचे हात खाली ओढत राहिला आणि "आवो सर, आवो सर" एवढंच म्हणत राहिला. शेवटी त्याच्या बायकोने सरांना खुर्ची दिली आणि पाणी आणलं. आजूबाजूच्या दारांतून बायामाणसं बघत होती. सरांनी त्यांनाही मोठ्याने सांगितलं, वर्गात सांगावं तसं. रविवारच्या बैठकीत पहिलं बोलणं आपलं असेल, हेही सांगितलं.

मग सगळे गोदूबाईकडे आले. खोलीत गेल्यावर ऋतिकाने दार लावून घेतलं. विमलाने दोरीची गाठ सोडली आणि हिरवं लुगडं खाली आलं.

कोपऱ्याच्या दोन्ही भिंती जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत रंगवलेल्या होत्या. डाव्या भिंतीवर पूर्णगडची खाडी, सकाळची, आणि काठावर मासळीची टोपली घेऊन उभी असलेली तरणी गोदूबाई. उजव्या भिंतीवर समुद्र आणि त्यातून आत येणारी शिडाची होडी, नाळेवर भगवा झेंडा. दोन भिंती जिथे मिळत होत्या तिथेच खाडीचं मुख होतं. कोपऱ्यात उभं राहिलं की होडी आणि बाई एकमेकींच्या अगदी समोर यायच्या. सुकाणूवर एक माणूस होता, हात वर केलेला.

गोदूबाई भिंतीजवळ गेली. "रघू," ती म्हणाली. तिचा नवरा जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. होडी त्याच्या माघारी विकली होती आणि ती कुठे मोडीत निघाली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "हिला कसा कळला? घरात त्याचा फोटोसुदिक नाय."

"मी सांगितला," बाबल्या हळूच म्हणाला. तरणेपणी तो रघूच्याच होडीवर खलाशी होता. "ती इचारायची, पहिली होडी कुठली. मी वाळूत काढायचो. सुकाणूवर तांडेल कसा उभा ऱ्हायचा, हात कसा करायचा, ते उभा राहून, तुमच्या घराकडं बोट करून दाखवायचो. मला काय म्हायत, ती भिंतीवर काढतेय." तो वाकून शिडाची दोरी तपासू लागला. बोट न लावता, नुसत्या नजरेने, टोकापासून टोकापर्यंत. "बरोबर हाय," तो म्हणाला. "गाठ पण बरोबर हाय."

सर मागे उभे राहून डोळे टिपत होते. विमलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

 गोदूबाईने पदराने तोंड पुसलं, ती वळली, आणि तिचा नेहमीचा, वाडीभर ऐकू जाणारा आवाज परत आला.

"बाबल्या, कुठनं तरी पान्हा आण. हे दार काढून टाक."

"आज्जी!" ऋतिका म्हणाली. "दाराशिवाय पाहुणे राहतील कसे?"

"पाहुणे त्या दुसऱ्या खोलीत ऱ्हातील," गोदूबाई म्हणाली. "माजा बिछाना इकडं आण."